रंगाचं सोडा, आधी पत्र्याचं बोलू

जुनी गाडी घरीच नीट करून, रंगवून गल्लीत उभी केल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात, रंग कितीला बसला? दूधवाला विचारतो, वरच्या काकू विचारतात, कॉलेजातला शिपाई विचारतो, आणि प्रत्येकाला उत्तर देताना मला मनातून वाटत असतं की अहो रंगाचं काय विचारताय, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा विचारा की, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात काय निघालं ते विचारा. रंग हा या सगळ्या उद्योगातला सोपा भाग. खरंच. थोडा सराव केला की स्प्रे गन कुणालाही जमते, पण खाली गंज तसाच ठेवून वर कितीही महागाचा रंग मारला तरी एकदोन पावसाळ्यात तो फुगतो आणि मग लोक म्हणायला मोकळे, घरी केलेलं काम आहे, असंच होणार.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८९ ची, पेट्रोल, गिअर स्टिअरिंगला. मामेसासऱ्यांची. गडहिंग्लजला त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये कैक वर्षं उभी होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, आणि एकदा ते म्हणाले न्यायची तर न्या, भंगारवाला दोनदा विचारून गेलाय. नवरा नको म्हणत होता. मी टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली, विषय संपला.

ज्यांनी पद्मिनी फक्त मुंबईची काळी-पिवळी म्हणूनच बघितलीय त्यांच्यासाठी थोडक्यात. ही मुळात इटलीची फियाट ११००, आपल्याकडं कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स बनवायची, म्हणजे वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी, आणि सत्तरच्या दशकात फियाट हे नाव जाऊन प्रीमियर पद्मिनी आलं, तरी आमच्याकडं तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणायचे. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागं पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. आजच्या हिशोबानं काहीच नाही. पण बॉनेट उघडलं की आत हात घालायला जागा आहे, आणि सगळं साध्या पान्यानं सुटतं, लॅपटॉप जोडायला लागत नाही. घरी काम करायचं असेल तर ही गोष्ट फार मोठी आहे.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळं ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती बंद झाली. तेव्हा सगळ्यांनी हळहळून फोटो टाकले. मला मात्र हळहळीपेक्षा धडकी भरली, कारण जोवर टॅक्सी पळत होत्या तोवर कुर्ल्यात सीएसटी रोडवर गेलं की ब्रेक सिलिंडर म्हणा, दरवाज्याची हँडलं म्हणा, काहीतरी मिळायचंच, टॅक्सीवाल्यांसाठी बनायचं आणि आपल्यासारख्यांना त्यातनं मिळायचं. आता दुकानदार जुना स्टॉक खालून काढून देतो आणि भाव तोंड बघून सांगतो.

असो. गाडी उघडायला घेतली. उघडताना एकच नियम पाळला, प्रत्येक स्क्रू-बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं कुठला ते लिहायचं आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो. बंपर, जाळी, हेडलाइटच्या रिंगा, दिवे, बाजूच्या पट्ट्या, दरवाज्यांची आतली पुठ्ठ्याची कव्हरं, सीटा, सगळं बाहेर. क्रोमचं सामान उद्यमनगरात प्लेटिंगला दिलं कारण ते घरी होत नाही आणि करूही नये, ती केमिकलं घरात आणायची नसतात. काचा काढायला मात्र मी माणूस बोलावला. पुढची काच फुटली तर दुसरी शोधत फिरायची माझी तयारी नव्हती.

मग मॅट उचललं. मॅटखाली डांबराचा थर असतो, आवाज कमी व्हावा म्हणून कंपनीच लावते, तो वरनं शाबूत दिसतो पण त्याच्या खाली पाणी साठून पत्रा खालनं खात गेलेला असतो. पान्याचं टोक टेकवलं तर ते आरपार गेलं. खाली अंगणातली फरशी दिसत होती. हीच गत दरवाज्यांच्या तळाची. दरवाज्यात काचेच्या फटीतनं पाणी आत जाणारच, ते बाहेर जायला तळाशी भोकं ठेवलेली असतात, आणि आधीच्या कुणीतरी रंगाऱ्यानं ती पुट्टीनं बुजवून वरनं रंग मारला होता! म्हणजे दरवाजा म्हणजे टाकी झाली. तुमच्याकडं कुठलीही जुनी गाडी असू दे, आज जाऊन दरवाज्याखाली बोट फिरवून ती भोकं उघडी आहेत का बघा, नसतील तर तारेनं मोकळी करा, दोन मिनिटांचं काम आहे.

बाकी गंजाच्या जागा सगळ्या जुन्या गाड्यांच्या सारख्याच. बॅटरीचा ट्रे (ॲसिड सांडून), पुढच्या काचेच्या रबराखालची कड, मडगार्डच्या आतली बाजू जिथं चिखल अडकतो, स्टेपनीचा खड्डा. रंगावर पापडासारखे फोड दिसले की समजायचं, आतला गंज फोडापेक्षा बराच मोठा आहे.

इथं चाचांचा प्रवेश. चाचा आमच्या मागच्या गल्लीत राहतात, जन्मभर डेंटिंगचं काम केलं, डुक्कर फियाटपासूनच्या गाड्या ठोकल्यात, आता डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काम सोडलंय. मी विचारायला गेले तर आधी हसले, मग स्वतःच चप्पल घालून बघायला आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, पण बघत नव्हते, तळहात टेकवून पत्र्यावरनं फिरवत होते.

"बेटा, पत्रा हातानं बघायचा. डोळा फसवतोय, हात न्हाई फसवत."

मग माझा हात धरून डाव्या मडगार्डावर ठेवला, म्हणाले हितं काय लागतंय? मला काहीच लागलं नाही. म्हणाले कापड घे हातात. पातळ सुती कापड मध्ये धरून हात सरकवला तर खरंच, एक उथळ दब जाणवला जो उन्हात चारी बाजूंनी बघूनही दिसला नव्हता. कापडानं हात सरकतो, अडकत नाही, म्हणून उंचसखल जास्त कळतं. पुढं पुट्टी घासताना हीच युक्ती मी शंभरदा वापरली असेल.

वेल्डिंग मी केलं नाही. चाचांचा मुलगा सीओटू वेल्डिंगचं मशिन घेऊन आला, सडलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला, त्या मापाचा नवा पत्रा बसवून थोडं थोडं अंतर सोडून टाके मारले, एका जागी सलग मारलं तर पातळ पत्रा उष्णतेनं वाकतो. त्याच्या आधी बॅटरीची वायर काढली होती, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली होती. काही गॅरेजवाले भोकावर फायबरचं कापड आणि पुट्टी थापतात, मी स्पष्ट सांगते, ते करू नका. गाडीचा तळ हाच तिचा सांगाडा आहे, या गाडीला वेगळी चॅसी नाही, तिथं पुट्टी म्हणजे शोभेचं काम.

चाचांनी एका बाजूला डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, दुसऱ्या बाजूनं हातोडी असं करून दब काढले. मारताना जोर नाही, नुसता ताल. फुगलेल्या जागी गॅसच्या ज्योतीनं रुपयाएवढा ठिपका लाल करायचा आणि ओलं फडकं टेकवायचं, पत्रा आखडतो. मी फक्त उभी राहून बघत होते आणि मधेमधे चहा करत होते.

आता मजेचा भाग. रंग काढायला सुरुवात केली तर वर मरून, त्याच्या खाली पांढरा, आणि पांढऱ्याच्या खाली फिका निळा. मामेसासऱ्यांना फोन केला तर म्हणाले घेतली तेव्हा पांढरीच होती. म्हणजे त्यांच्या आधीच्या मालकानंच निळ्याची पांढरी केली असणार. आरसी बुक काढलं, रंगाच्या रकान्यात निळा! म्हणजे इतकी वर्षं गाडी कागदावर निळी आणि रस्त्यावर पांढरी नाहीतर मरून. मला तर सोन्याहून पिवळं झालं, कारण रंग बदलला की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते आणि मी निळाच मारला तर काही बदललंच नाही. खरा निळा सगळ्यात चांगला कुठं टिकला होता माहितीय? ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथं ऊन कधी लागलं नाही. ते झाकण घेऊनच रंगाच्या दुकानात गेले.

दुकानातला मुलगा आधी विचारतो, मॅडम, मिस्त्रींनी काय सांगितलंय? मी म्हटलं मिस्त्री मीच. मग जरा सरळ बसला. त्यानं मशिननं आणि डोळ्यानं मिळवून नमुना केला, मी तो बाहेर उन्हात नेऊन बघितला, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. दोनदा परत मिक्स करायला लावला. वैतागला असेल बिचारा.

आणि तिथंच मोठा वाद. तो म्हणत होता पीयूच मारा मॅडम (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळायचा रंग, त्यालाच टू-के म्हणतात), आता कुणी एनसी (नायट्रोसेल्युलोज) मारत नाही. त्याचं म्हणणं चूक नाही. पीयूमध्ये हार्डनर मिसळला की केमिकल प्रक्रिया होऊन रंग घट्ट होतो, चमक जास्त, पेट्रोल सांडलं तरी जात नाही, वर्षानुवर्षं टिकतो. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्याचे तुषार श्वासात गेले तर दमा लागू शकतो आणि एकदा शरीरानं ते धरलं की पुढं थोड्या प्रमाणानंसुद्धा त्रास होतो. साधा कापडी मास्क तर बिनकामाचाच, त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ पाहिजे. माझ्याकडं काय होतं? अंगण, आणि शेजारी दोन लहान मुलं. म्हणून मी एनसी घेतला, ज्याला आपले रंगारी अजून ड्यूको म्हणतात. तो नुसता थिनर उडून वाळतो, विष नाही असं नाही, थिनरची वाफ वाईटच, कार्बनच्या डब्यांचा मास्क, चष्मा आणि हातमोजे लागतातच, पण आयसोसायनेट नाही. शिवाय दहापंधरा मिनिटांत हाताला लागेनासा होतो, ओघळला तर वाळल्यावर घासून परत मारता येतो. चमक कमी, पॉलिश वरचेवर करावं लागणार, मान्य. मी ही गाडी रोज उन्हात उभी करणार नाहीये.

एनसीची एक अट मात्र कडक आहे, खाली काय आहे ते माहीत पाहिजे. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं लपलेल्या जागी मिनिटभर धरायचं. रंग फडक्याला उतरला तर खालचा एनसी, काहीच झालं नाही तर बहुतेक पीयू, आणि सुरकुत्या पडून उचलला तर सिंथेटिक इनॅमल. माझ्या गाडीवरचा मरून सुरकुतला. त्यावर एनसी मारला असता तर सगळी गाडी आंबेपोळी झाली असती, म्हणून नाइलाजानं पूर्ण गाडी पत्र्यापर्यंत सोलली. पेंट रिमूव्हर लावायचा, वर प्लास्टिक झाकायचं म्हणजे उडत नाही, मग पत्रीनं खरवडायचं, उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळं मशिननं कोरडं घासून धूळ उडवायची नाही, आणि खरवडलेलं सगळं पोत्यात भरायचं, अंगणातल्या कडीपत्त्याच्या आळ्यात झाडून टाकायचं नाही.

उघडा पत्रा कोल्हापुरात एक रात्र ठेवला तरी सकाळी तांबूस दिसतो. म्हणून एकेक भाग सोलायचा, राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर, धुऊन लगेच वाळवायचं आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. पुट्टी या प्रायमरच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही, कारण ती पाणी ओढते. त्याच कारणानं पुट्टी घासायची तीही कोरडीच, ऐंशी नंबरनं सुरुवात, मग एकशेऐंशी, लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून तिरकं तिरकं. बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी चर पडतात आणि ते शेवटी चमक आल्यावर दिसतात. मग सर्फेसर, म्हणजे रंगाच्या खालचा, घासून सपाट करायचा थर, त्यावर काळ्या रंगाचा अगदी हलका शिडकावा. आता वॉटर पेपरनं घासलं की जिथं काळं राहतं तिथं खड्डा, जिथलं काळं सगळ्यात आधी निघून जातं तिथं उंचवटा. बारीक टाचणीएवढ्या भोकांना एनसी पुट्टी. परत सर्फेसर. परत घासायचं, चारशे, मग सहाशे-आठशे. हे सगळं इतकं कंटाळवाणं आहे की याच्याबद्दल अजून लिहिणार नाही, पण माझा सगळा हिवाळा यात गेला, संध्याकाळी कॉलेजातनं आल्यावर रेडिओ लावून घासत बसायचं, हाताला पाण्यानं चिरा पडलेल्या.

बूथ म्हणून मांडववाल्याकडनं लोखंडी पाइप भाड्यानं आणले आणि चारी बाजूंनी प्लास्टिक लावलं, हवा आत यायच्या बाजूला मलमलचं कापड. बाहेर जायच्या बाजूला घरचा एक्झॉस्ट फॅन लावा असं खूप जण सुचवत होते, पण साध्या मोटरची ठिणगी आणि थिनरची वाफ एकत्र आणायची म्हणजे आगीला आमंत्रण. नुसती वारा जायची वाट ठेवली. खाली फरशीवर पाणी मारलं, धूळ बसते.

धूळ बसते पण काजळी बसत नाही! ज्यांना कोल्हापूर-सांगलीकडचा अनुभव नाही त्यांना सांगते, गळिताचा हंगाम असला की फडातला पाला जाळतात, त्याची काळी लांब लांब काजळी हवेत तरंगत येते आणि दोरीवरच्या कपड्यांवर, गच्चीत, सगळीकडं पडते. मी रंग मारायला काढला तो फेब्रुवारी. थांबले असते तर मार्च-एप्रिलमध्ये वरच्या काकूंची वाळवणं गच्चीत, आणि स्प्रेचे तुषार किती लांब जातात याचा नेम नाही, निळ्या कुरडया कोण खाणार. त्याच्यापुढं वळीव. म्हणजे फेब्रुवारीच. काकूंना आदल्या दिवशी सांगितलं, त्या म्हणाल्या, "अगं सांगितलंस ते बरं केलंस, उद्या मी धुणंच घालत नाही बाहेर." एनसी पटकन वाळतो हा फायदा इथं कामाला आला, मलमल चुकवून जी काजळी आत आली ती चिकटायच्या आत पृष्ठभाग कोरडा झालेला.

सकाळी दव असतं तेव्हा मारायचं नाही. थिनर झपाट्यानं उडताना पत्रा थंड पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंग दुधाळ होतो. पावसाळ्यात एनसी मारू नये ते याच्यामुळं, आणि मारावाच लागला तर थिनरमध्ये रिटार्डर घालून उडायचा वेग कमी करतात. मी दहाच्या पुढं सुरू केलं. कॉम्प्रेसर भाड्याचा, पाइपमध्ये पाणी अडवणारा ट्रॅप लावून घेतला. एका जुन्या बॉनेटवर आधी सराव केला. गन पत्र्यापासून वीतभर, मनगट फिरवायचं नाही, आख्खा हात न्यायचा, पत्रा सुरू व्हायच्या आधी चाप दाबायचा आणि संपल्यावर सोडायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. जवळनं मारलं की ओघळतो, लांबनं मारलं की खरखरीत संत्र्याची साल. पातळ हात द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं, परत. आणि हो, महिनाभर आधीपासून घरात कुणालाही डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे मारू देऊ नका, त्यात सिलिकॉन असतं, त्याचा कण पत्र्यावर पडला तर तिथं रंग सरकतो आणि गोल गोल डोळे पडतात.

चाचा खुर्ची टाकून बाहेर बसले होते. मडगार्ड झाल्यावर प्लास्टिकच्या फटीतनं बघून एवढंच म्हणाले, "हात थांबतोय कोपऱ्यावर. थांबू नको." बाकी काही बोलले नाहीत, म्हणजे ठीक होतं.

रंग चांगला कडक व्हायला काही आठवडे सोडला, घाई केली तर तो नंतर खाली बसतो आणि घासल्याच्या रेघा परत वर येतात. मग पंधराशे, दोन हजारचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात, आणि रबिंग कंपाउंड हातानं. कडांवर मशिन नको, कडेला रंग सगळ्यात पातळ असतो, क्षणात सर्फेसर दिसतो.

डॅशबोर्डला मी हात लावला नाही. त्यावर मूळ निळा आहे, स्टिअरिंगशेजारी मालकांच्या अंगठीनं घासून चकाकलेला पट्टा आहे, तो तसाच. नवऱ्याचं म्हणणं तेवढं कशाला सोडलंस. शोरूममधनं आणल्यासारखी गाडी हवी असती तर कर्ज काढून नवीनच आणली असती ना. मेटॅलिक रंग, अलॉय व्हील, निळे एलईडी असलं लावून लग्नात भाड्यानं फिरणाऱ्या पद्मिनी बघितल्यात मी, त्यांच्या मालकांना माझा नमस्कार.

आता कागदपत्रं. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढं दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू, गाडी समक्ष दाखवायची, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. एप्रिल २०२२ मध्ये कारच्या रिन्यूअलची फी सहाशेवरनं थेट पाच हजार झाली होती, त्यामुळं जाण्याआधी चालू दर बघून जा. काही जण सांगतात व्हिंटेजमध्ये टाका, तर ते २०२१ चे नियम पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहेत, माझीला अजून बराच वेळ आहे, आणि त्या नंबरवर रोजच्या कामाला गाडी वापरताही येत नाही. मला मंडईला जायचंय तिच्यातनं.

इन्स्पेक्टर साहेबांनी गाडी बघितली, चॅसी नंबर घासून कागदावर उतरवून घेतला, हॉर्न, दिवे, ब्रेक बघितले, आणि सही करता करता विचारलं, "मॅडम, रंग कुठनं मारून घेतला?"

राहिलंय काय, तर डाव्या बाजूच्या तिकोनी काचेचं रबर. कुर्ल्यात मिळालं ते जाडीला जास्त, बसवलं तर काच बंदच होत नाही, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी शोधलं तर फक्त उजव्या बाजूचं. पावसाळ्याच्या आधी पाहिजे, नाहीतर त्या दरवाज्यात पाणी जाणार. कुणाकडं पडून असेल तर सांगा, जुनं चालेल, चिरलेलं नको.